तिचं निराळं होतं!



आमच्या विहाराच्या मागच्या खोलीत, जिथे सतरंज्या आणि लाऊडस्पीकर ठेवलेले असतात, तिथे भिंतीतल्या एका खिळ्याला काविळीची माळ लटकते आहे. नवीन माणूस आला की दचकतो. "बुद्धविहारात हे काय?" म्हणून विचारतो. मग त्याला सगळी हकिगत सांगावी लागते. आज तीच तुम्हाला सांगतो.

वर्षावासाचे दिवस होते. रोज संध्याकाळी विहारात वंदना झाल्यावर ग्रंथवाचन चालायचे. त्या आठवड्यात आम्ही कालाम सुत्त वाचायला घेतले होते. बाहेर पाऊस कोसळत होता, गटारे तुंबली होती आणि नळाला गढूळ पाणी येत होते. घराआड घरात कोणी ना कोणी आजारी पडले. ताप, उलट्या, अन्नावर वासना नाही आणि डोळे पिवळे. वस्तीत काविळीची साथ पसरली होती.

आमच्या वाचनाला पहिल्या रांगेत बसणाऱ्या एक आजी आहेत. पांढरे लुगडे नेसून न चुकता येतात. पंचशील तोंडपाठ, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. घरात देव्हारा नाही. त्यांच्या सुनेला सातवा महिना चालू होता आणि तिचे डोळे पिवळे झाले. मुलगा रिक्षा चालवतो. तो म्हणाला, दवाखान्यात नेतो. आजी म्हणाल्या, नको, मी बाबाकडून माळ आणली आहे. भांडण लागले तेव्हा मुलगा आमच्या घरी आला. मी आणि माझी पत्नी दोघेही गेलो.

ही माळ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. हिरव्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्याच्या फासांत अडकवून केलेली असते. सुरुवातीला डोक्यावर टोपीसारखी बसते. मग दिवसागणिक लांब होते, कपाळावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर उतरते. जशी माळ उतरते तशी कावीळ उतरते असे सांगतात.

मी आजींना समजावू लागलो, तर त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही शिकलेले आहात, पण मी डोळ्यांनी पाहिलंय. आपल्या वस्तीतले तेरा जण या माळेनं उठून बसलेत. नावं सांगू?" त्यांनी बोटांवर मोजून तेरा नावे सांगितली. एकही नाव खोटे नव्हते. त्यात माझ्या सख्ख्या भावाचेही नाव होते.

मी निरुत्तर झालो. तेव्हा माझी पत्नी हळूच म्हणाली, "आत्या, आणि गिरणीजवळची ती? तिला आठवा महिना होता. तिनंही हीच माळ घातली होती ना?"

आजी क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "तिचं निराळं होतं. तिला उशीर झाला होता."

गिरणीजवळची ती बाई दोन वर्षांपूर्वी पोटातल्या बाळासकट गेली. आजी तिच्या अंत्ययात्रेला होत्या, पुण्यानुमोदनाला होत्या. तिचे मोठे मूल दोन दिवस आजींनीच सांभाळले होते. म्हणजे आजी तिला विसरल्या नव्हत्या. फक्त मोजताना तिला धरले नव्हते.

मुलाने पुढे वाद घातला नाही. रिक्षा दारात लावली आणि बायकोला पालिकेच्या रुग्णालयात घेऊन गेला. आजीही रिक्षात बसल्या, माळ पदरात बांधून.

मी हिशेबाचे काम करणारा माणूस. आमच्या वहीला दोन बाजू असतात, जमा आणि नावे. नुसती जमेची बाजू लिहिली तर कोणतेही दुकान नफ्यात दिसेल, मग ते उद्या बंद पडणार का असेना. त्या रात्री माझ्या लक्षात आले की आजींच्या वहीत बाबाच्या नावावर फक्त जमा आहे. बरा झाला तो बाबाच्या खात्यावर जमा. दगावला तो उशिराच्या खात्यावर, पथ्याच्या खात्यावर, नशिबाच्या खात्यावर. बाबाचे खाते कधी तोट्यात जायचेच नाही.

आता काविळीचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडून पाहू. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक धडधाकट माणसांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. माळ घाला, घालू नका, शरीर तिच्याशी लढते आणि बरे होते. म्हणजे शंभर जण बाबाकडे गेले तर त्यातले बहुतेक बरे होणारच. ते घरी बसले असते तरी झाले असते.

पण गरोदर बाईचा हिशेब वेगळा आहे. १९७८ साली काश्मीर खोऱ्यात अशीच दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली. तेथील डॉक्टर मोहम्मद सुलतान खुरू यांनी गावोगावच्या रुग्णांची नोंद केली. तेव्हा दिसले की इतरांमध्ये मृत्यू थोडे, पण गरोदर बायकांमध्ये, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, मृत्यू फार. या काविळीच्या विषाणूला आज हेपॅटायटिस ई म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झालेल्या बायकांपैकी शंभरात वीस ते पंचवीसपर्यंत दगावू शकतात.

हा आकडा पुन्हा वाचा. केवढा भयंकर आहे! आणि तरीही याचा दुसरा अर्थ असा की चारातल्या तिघी वाचतात. त्या तिघी बाबाकडे गेलेल्या असतील तर त्या जन्मभर बाबाचे नाव घेतील. चौथीचे काय? तिचे निराळे होते! शिवाय वाचलेल्या तिघी रोज नळावर भेटतात, लग्नात भेटतात, हळदीच्या मांडवात स्वतः सांगतात. मेलेले माणूस नळावर पाणी भरायला येत नाही. जे डोळ्यांसमोर सहज येते तेच जास्त वेळा घडते असे आपल्याला वाटते. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रयोगांनी हे दाखवले. माणसाचे मन ठरावीक तऱ्हेने कसे चुकते यावर दोघांनी वर्षानुवर्षे काम केले. ट्वर्स्की १९९६ साली वारले. काहनेमन यांना या कामासाठी २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही चूक अडाणी माणसाचीच नव्हे, शिकलेल्याचीही आहे हे त्यांच्या कामातून जगाला कळले.

याचा एक सोपा खेळ आहे. तो पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली इंग्लंडमध्ये लोकांना घातला होता. तुम्हीही आज रात्री जेवण झाल्यावर मुलांबरोबर खेळून पाहा. मुलांना सांगा, "मी मनात एक नियम धरला आहे. २, ४, ६ हे आकडे त्या नियमात बसतात. तुम्ही तीन तीन आकडे सांगा, मी बसतात की नाही ते सांगतो. खात्री झाली की नियम ओळखा." मुले म्हणतील ८, १०, १२. बसतात. २०, २२, २४. बसतात. मग ती आनंदाने सांगतील, दोन दोनने वाढणारे आकडे! आणि ते चूक असेल. नियम एवढाच आहे की पुढचा आकडा मागच्यापेक्षा मोठा हवा. १, २, ३ सुद्धा बसले असते. ५, १७, ९० सुद्धा बसले असते. पण ते कोणी विचारतच नाही, कारण प्रत्येक जण आपल्या मनातले उत्तर खरे ठरवणारेच आकडे विचारतो. आपले उत्तर खोटे ठरवू शकेल असा प्रश्न विचारायचे फार थोड्यांना सुचते. वेसनच्या प्रयोगात मोठी शिकलेली माणसे होती आणि त्यांतल्याही बहुतेकांचे पहिले उत्तर चुकले.

होकार मिळेल तिथेच विचारायचे, नकार आला तर तो निराळा म्हणून काढून टाकायचा. मनाची ही जुनी खोड आहे.

दुसऱ्या दिवशी विहारात आम्ही कालाम सुत्त पुन्हा उघडले. केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते की, इथे येणारा प्रत्येक गुरू आपलेच खरे म्हणतो, मग आम्ही कोणाचे मानायचे? तथागतांनी जी दहा कारणे सांगितली, त्यांतली काही आपल्याला पाठ असतात. ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरेने आले म्हणून नको, ग्रंथात आहे म्हणून नको, गुरूने सांगितले म्हणून नको. आपण भाषणात ही कारणे सांगतो तेव्हा आपले बोट नेहमी दुसऱ्याकडे असते. पोथी त्यांची, परंपरा त्यांची, गुरू त्यांचे.

पण यादीतले आठवे कारण पाहा. पालीत त्याला दिट्ठिनिज्झानक्खन्ति म्हटले आहे. अर्थ असा की एखादी गोष्ट आपल्या आधीच्या मताशी जुळते, आपल्याला पटते, एवढ्यावरून ती खरी मानू नका. हे आठवे बोट सरळ आपल्याकडे वळते. वेसनने खेळातून जे दाखवले ते तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी कालामांच्या पदरात घातले होते. आम्ही मात्र दरवर्षी वाचताना ते ओलांडून पुढे जात होतो.

मी स्वतःही ओलांडून गेलो होतो. त्याचा कबुलीजबाब इथेच देतो.

काही वर्षांपूर्वी १४ एप्रिलला वस्तीच्या तोंडाशी मी एक मोठा फलक रंगवून घेतला. त्यावर बाबासाहेबांचे म्हणून एक वाक्य होते. वाक्य जोरदार होते, वाचताच छाती भरून यावी असे. मोबाइलवर कोणीतरी पाठवले होते. अकरावीतली एक मुलगी मला म्हणाली, "काका, हे कोणत्या खंडात आहे? मला निबंधात टाकायचं आहे." मी म्हणालो, "असेल कुठेतरी, बाबासाहेबांनी किती लिहिलंय!" ती गेली, पण मला झोप लागेना. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड वाचनालयात बसून मी चाळले. तीन महिने चाळले. ते वाक्य मला कुठेही सापडले नाही.

बाबाच्या माळेची चौकशी करा म्हणून मी आजींना सांगत होतो. पण ज्या माणसाने आयुष्यभर पुराव्यानिशी लिहिले, त्याच्या नावावर मी वाक्य रंगवले आणि पुरावा विचारला नाही. का? कारण वाक्य मला आवडले होते. आठवे कारण! एखाद्या विरोधकाने बाबासाहेबांविरुद्ध वाक्य पाठवले असते तर मी त्याच रात्री त्याचे मूळ शोधले असते. फलक पुसायला साडेतीनशे रुपये लागले. तो खर्च मी माझ्या नावे टाकला.

आता या खोडीची सर्वांत कडू बाजू. ती आपल्या वाट्याला रोज येते.

कार्यालयात आपल्यातला एखादा कारकून उशिरा आला की कुजबुज होते, "यांचं असंच असतं." दुसरा कोणी उशिरा आला तर गाडी चुकली असेल. आणि आपल्यातल्याच कोणी मान खाली घालून वीस वर्षे चोख काम केले तर साहेब पाठीवर हात ठेवून म्हणतात, "तुमचं निराळं आहे हो. तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही." ऐकणाऱ्याला कौतुक वाटावे असे ते वाक्य आहे. पण नीट ऐका. हे आजींचेच वाक्य आहे! तुमचे चांगले काम तुमच्या समाजाच्या खात्यावर जमा होऊ नये म्हणून तुम्हाला निराळे काढले आहे. वाईट नोंद सगळ्यांच्या नावे, चांगली नोंद एकट्याच्या. अशी वही ठेवली तर हजार वर्षे मत बदलायचे नाही. आणि बदललेही नाही.

कोणी म्हणेल, हे तुमच्या मनाचे खेळ आहेत. म्हणून दोन्ही बाजूंचा हिशेब हवा. तो सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी मांडला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा. कोणावर सवर्ण आडनाव, कोणावर दलित, कोणावर मुसलमान नाव. २००७ साली निष्कर्ष छापून आले. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या मानाने साधारण दोन-तृतीयांशच निघाली. माणूस कोणी पाहिलाच नव्हता. पाहिले होते फक्त आडनाव. इथे कोणाला निराळे काढायला जागाच उरली नाही.

पण बांधवांनो, हे वाचून नुसती मान डोलवू नका. आपल्या वह्याही तपासू या. "पोरीला जास्त शिकवली की तिचा संसार टिकत नाही" असे आपल्या वस्तीतही म्हणतात. एका शिकलेल्या मुलीचे घर मोडले की ते नाव दहा वर्षे निघते. चौथीत शाळा सोडलेल्या, मार खाऊन माहेरी आलेल्या मुली किती, ते कोणी मोजत नाही. शिकून नोकरी करून आईबापांना सांभाळणारी दाखवली तर म्हणतात, "तिचं निराळं आहे." अमक्या जातीचे लोक चळवळीत टिकत नाहीत, असेही आपण बोलतो. शेजारी टिकून उभा असलेला दिसला तरी बोलतो. साहेबांचे वाक्य आपल्या तोंडी कधी आले ते आपल्याला कळतही नाही.

आता आजींच्या सुनेचे काय झाले ते सांगतो. ती अकरा दिवस रुग्णालयात होती. या विषाणूला मारणारे हमखास औषध डॉक्टरांकडेही नव्हते. पण ते रोज रक्त तपासत होते, रक्त गोठते की नाही पाहत होते, साखर पाहत होते, दोन रात्री तिच्या उशाशी उभे होते. ती वाचली. दिवस भरण्याआधी मुलगी झाली, बारीकशी, पण आज ती मुलगी अंगणवाडीत जाते. आजी म्हणाल्या, माळ उशीखाली होती म्हणून. मी म्हणालो, दवाखान्यात नेली म्हणून. तेव्हा तीच अकरावीतली मुलगी, आता ती कॉलेजला आहे, मला म्हणाली, "काका, एकीवरून तुम्ही तरी कसं ठरवता? आजी पण एकीवरूनच सांगतात."

पोरीचे बरोबर होते. चारातल्या तिघी वाचतात, ही त्या तिघींतली असू शकते. मग दवाखान्यावर विश्वास का ठेवायचा? मी रात्रभर विचार केला आणि मला जे उत्तर सापडले ते माझ्या धंद्यातलेच होते. दवाखान्यातही माणसे दगावतात, पण तिथे ती वहीत लिहिली जातात. किती आले, किती वाचले, किती गेले, कशाने गेले, हे कागदावर राहते. त्या मेलेल्यांच्या नोंदींवरूनच काश्मीरच्या डॉक्टरांना कळले की गरोदर बाईला धोका अधिक आहे. त्यावरूनच पुढच्या बाईला तातडीने दाखल करून घेतात. बाबाच्या दारात नावेची बाजूच नाही. जो आपली चूक लिहीत नाही, तो चुकीतून शिकणार कसा?

आणि खिळ्यावरची माळ? ती सून रुग्णालयात असतानाच मी त्याच बाबाकडून दुसरी एक माळ आणली आणि विहारातल्या खिळ्याला टांगली. रोज वाचनानंतर सगळ्यांसमोर पट्टीने मोजायचो. काड्या ओल्या होत्या तेव्हा फास घट्ट होते. काड्या वाळल्या, आक्रसल्या, फास सैल पडत गेले आणि माळ लांब होत गेली. दहा-बारा दिवसांत ती चांगली हातभर उतरली. खिळ्याला काही कावीळ झाली नव्हती!

आजी रोज ते मोजमाप पाहायला येत होत्या. शेवटच्या दिवशी बराच वेळ माळेकडे बघत उभ्या राहिल्या. मी काही बोललो नाही. त्या आपणहून म्हणाल्या, "भाऊ, गिरणीजवळचीला पण मीच माळ आणून दिली होती."

तेव्हा मला कळले, त्या बाईला मोजणे त्यांना एवढे जड का जात होते. नावेची बाजू लिहायला शाई लागत नाही, छाती लागते. आजींनी ती दाखवली.

म्हणून घराघरांत तीन सवयी लावून घेऊ या. कोणी म्हणाले, अमक्याने गुण आला, तर विचारा, ज्यांना आला नाही ते किती? स्वतःचे एखादे मत ठाम वाटले तर विचारा, काय दिसले तर मी हे मत सोडीन? आणि तोंडात "त्याचं निराळं आहे" हे शब्द आले की थांबा. तिथेच आपण एक नोंद खोडत असतो.

पावसाळ्यात पाणी उकळून प्या. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. आजीसुद्धा आता वस्तीत हेच सांगत फिरतात. सांगताना पहिले नाव त्या गिरणीजवळच्या बाईचे घेतात.

जय भीम! नमो बुद्धाय!